दोघींना एक मशीन

माझ्या कारखान्यातली निम्मी मशीनं झाकून ठेवायची वेळ आली, म्हणून मी बीड जिल्ह्यात गेले. देवदर्शन नव्हतं, लग्नकार्य नव्हतं. मला शिवणाऱ्या बायका हव्या होत्या.

सोलापुरात शाळेचे गणवेश शिवणारे कारखाने गल्लोगल्ली आहेत, त्यातलाच एक माझा. सासऱ्यांनी चादरीचे माग विकले तेव्हा त्या रिकाम्या शेडमध्ये मी शिलाई मशीनं मांडली. पूर्वी दिवाळी झाली की बायका आपणहून दारात यायच्या, ‘बाई, काम कधी सुरू करता?’ म्हणून. आता त्यांच्या पोरी पुण्याला जातात, मॉलमध्ये उभ्या राहतात, दवाखान्यात कामाला लागतात. ज्या जुन्या राहिल्या त्यांची नजर अधू झालीय. गेल्या जूनमध्ये शाळा उघडल्या तरी माझे गठ्ठे निघाले नव्हते, आणि एक जुना व्यापारी न बोलता निघून गेला. भांडला असता तर बरं वाटलं असतं.

आमचे हे म्हणाले, “मराठवाड्यात अजून माणूस मिळतं. मनीषाकडे जाऊन बघ.”

मनीषा माझी धाकटी नणंद. लग्नाआधी ती माझ्याच शेडमध्ये मशीनवर बसायला शिकली. पाय कसा ठेवायचा इथपासून मी शिकवलं. दिंद्रुडला दिल्यावर काही वर्षांनी तिनं तिकडे स्वतःचं शिलाईचं काम काढलं, आणि ते चालतंय असं कानावर यायचं. किती चालतंय ते मी कधी विचारलं नाही. विचारलं की उत्तर ऐकावं लागतं.

एसटीनं तुळजापूर, धाराशिव मागे पडलं आणि चौसाळ्याच्या पुढे रस्त्यावर ट्रॅक्टर दिसायला लागले. एकामागे एक जोडलेल्या ट्रॉल्या, त्यात माणसं, अंथरुणं, पातेली, चूल, एखादी शेळी, दोरीनं बांधलेल्या कोंबड्या. ऊसतोडीला निघालेली कुटुंबं. ती माझ्या दिशेनं, म्हणजे सोलापूर-कोल्हापूरकडे चालली होती आणि मी त्यांच्या गावाकडे. एका ट्रॉलीत एक बाई हलत्या गाडीत बसून फाटकं टाचत होती. गाडी उडायची, तिची सुई थांबायची, परत चालायची. मी मान वळवून ती दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिले. असे हात माझ्या शहराच्या वेशीवरून जाणार, आणि माझ्याकडे वळणार नाहीत. मला त्या साखर कारखान्यांचा राग आला. राग म्हणतेय खरी, पण तो हेवाच होता.

मांजरसुंब्याला गाडी थांबली तेव्हा सगळ्यांनी रबडी खाल्ली, मीही खाल्ली. चांगली होती. सोलापुरात अशी मिळत नाही, हेही मनात आलंच.

बीड

बीडच्या स्टँडबाहेर एका रिक्षावाल्यानं माझी पिशवी उचललीच. विशीतला, दाढी नीट कोरलेली. गर्दीतून रिक्षा काढताना पुढच्याला म्हणाला, “सरक की बे, लगीन लावतो का रस्त्यात?” आणि मग मला आदबीनं, “कुठं जायचं, ताई?”

मला एका शिवणक्लासला जायचं होतं. क्लासच्या शकुंतलाबाईंशी फोनवर बोलणं झालं होतं. त्या म्हणाल्या होत्या, या, पोरी तयार आहेत. जाता जाता मी रिक्षावाल्याला माझं काम सांगितलं.

“मानसं लई हायेत इथं,” तो म्हणाला. “नुसती बसून हायेत.”

“मग येतील का सोलापूरला?”

“न्हाई.”

“का?”

“भरती निघणार हाय.”

“कधी?”

“ते काय ठाऊक न्हाई. पण निघणार हाय. मी बी भरतीचाच हाय, ताई. रिक्षा म्हंजे आपली मधल्या मधी.”

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना त्याचं म्हणणं पाट्यांवर लिहिलेलं होतं. पोलीस भरती, तलाठी भरती, इंग्रजी, गणित, मैदानी तयारी. एकेका इमारतीत तीन तीन क्लास, आणि जिन्यावर चपलांचा ढीग. एवढी तरणी पोरं-पोरी एका जागी मी माझ्या शहरात कित्येक वर्षांत पाहिली नव्हती. सगळी मान खाली घालून बसलेली. मशीनवर बसायलाही अशीच मान लागते, मी मनात म्हणत होते.

शकुंतलाबाईंचा क्लास कोर्टाच्या मागच्या गल्लीत, वरच्या मजल्यावर होता. पोरी खरंच तयार होत्या. एकीनं ब्लाउजच्या गळ्याला अशी पायपिंग लावली होती की मी चष्मा काढून पुन्हा लावला. तिचं नाव पूजा. मी तिला तिथंच विचारलं, येतेस का सोलापूरला, राहायची सोय करते.

“काय शिवायचं?”

“शाळेचे शर्ट. एकीनं कॉलर, एकीनं बाही, एकीनं पट्टी.”

“दिवसभर कॉलरच?”

“हो.”

“मग मी हे सगळं शिकले काहून?” तिनं विचारलं. उद्धटपणा नव्हता त्यात. तिला खरोखर कळत नव्हतं.

शकुंतलाबाई मला खाली सोडायला आल्या. म्हणाल्या, “राग मानू नका. प्रत्येकीला आपलं दुकान काढायचंय. नवऱ्याच्या गावात, आपल्या नावाची पाटी.” मी म्हटलं, राग कसला. पण स्टँडपर्यंत चालत गेले ते त्या पोरीची पायपिंग डोळ्यांपुढे ठेवूनच. माझ्या अख्ख्या कारखान्यात तसा हात एकीचाही नव्हता. तो हात आता कुठल्याशा खेड्यात ब्लाउज शिवत बसणार.

स्टँडजवळच्या खानावळीत पिठलं-भाकरी जेवले. आमच्याकडे भाकरी कडक करून महिनाभर ठेवतात, डाळीच्या आमटीत चुरून खातात. इथली तव्यावरून थेट ताटात, मऊ, आणि सोबत डोळ्यांतून पाणी काढणारा ठेचा. वाढणाऱ्या बाईनं न विचारता दुसरी भाकरी टाकली. “तुमी काय खाल्लंच न्हाई,” म्हणाली. मी तिच्याकडेही कामगार म्हणूनच बघायला लागले होते. हात भरभर चालतो, उभं राहून काम करायची सवय आहे. मग स्वतःचीच लाज वाटली आणि वडवणीमार्गे जाणाऱ्या गाडीत जाऊन बसले.

दिंद्रुड

मनीषा फाट्यावर घ्यायला आली होती. जाड झाली होती, आणि ते तिला शोभत होतं. “लई वाट बघायला लावली, वहिनी,” म्हणाली. तिच्या तोंडी ‘लई’ ऐकून मला वाटलं, आमची मुलगी आता पुरती इकडची झाली. तिचे यजमान, आमचे दाजी, मोठे शेतकरी आहेत. घरी कापूस आहे, ऊस आहे. घराशेजारचा बैलांचा गोठा बैल विकल्यावर रिकामा होता. तोच मनीषाचा कारखाना.

सकाळी चहा झाल्यावर मी तिच्यामागून आत गेले. जमीन शहाबादी फरशीची, वर पत्रा, पत्र्याखाली उसाचं पाचट दाबलेलं, म्हणून गारवा. मशीनं माझ्यापेक्षा कमी. पण एकही झाकलेलं नव्हतं. सगळी चालू होती, आणि त्या आवाजावर आवाज चढवून बायका बोलत होत्या, हसत होत्या. माझ्याकडे आता मशीनपेक्षा पंख्याचा आवाज मोठा येतो.

सकाळपासून दुपारपर्यंत मी एका खुर्चीत बसून नुसतं पाहिलं. दुपारी जेवणाच्या वेळी गंमत झाली. निम्म्याहून जास्त बायका उठल्या, पदर झटकला आणि घरी निघाल्या. मला वाटलं, इथंही तेच, अर्ध्या दिवसात पळतात. मी मनातल्या मनात सुखावले. तेवढ्यात दारातून दुसऱ्या बायका आत आल्या आणि त्याच मशीनवर बसल्या. उठणारी बसणारीला सांगायची, “बाही झालीय, कफ राहिलेत,” आणि बसणारी तिथूनच पुढे सुरू करायची. मशीन गार व्हायला वेळच नाही.

“हे काय गं?” मी मनीषाला विचारलं.

“जोडी,” ती म्हणाली. “एका मशीनला दोघी. एकीनं सकाळी कापूस वेचायचा, दुसरीनं दुपारी. एकीची सासू आजारी, तर दुसरी दिवसभर बसती. तुम्ही शिकवलं तसं आधी मी एकेकीलाच ठेवलं होतं. टिकायच्याच न्हाईत. वेचणी आली की गेल्या, दसरा झाला की कोयत्याला गेल्या.”

कोयता म्हणजे ऊसतोडीचं नवरा-बायकोचं जोडपं. दोघं मिळून एक कोयता धरतात. नवरा तोडतो, बायको मोळी बांधते.

“मग एकदा एकजण म्हणाली, आक्का, आमी एकटीनं कधी कामच केलं न्हाई, दोघांचाच कोयता असतोय. मला वाटलं, मग मशीन बी दोघींचं करावं. जोडी कुणी कुणाशी करायची ते त्यांनीच ठरवायचं. मी त्यात पडत न्हाई.”

ती हे सांगताना एका बाईच्या लेकराला मांडीवर घेऊन शेंगदाणे भरवत होती. मी म्हटलं, चांगलं आहे. मी इतकी वर्षं हजेरीचं बक्षीस, बोनस, हळदीकुंकवाला साडी, सगळं करून पाहिलं, आणि ही गोठ्यात बसून असलं साधं काहीतरी करून मोकळी झाली. तेही मी शिकवलेल्या पायावर.

मग मी उठून शिवलेले पीस चाळायला लागले. खरं सांगायचं तर चूक शोधत होते, आणि ती सापडली. कॉलरची टोकं. एक टोकदार, एक बोथट. पट्टीलाही जरा झोल. मला मनापासून बरं वाटलं.

ते बरं वाटणं पुढच्या गठ्ठ्यापर्यंतच टिकलं. तो गठ्ठा बाटलीच्या रंगाच्या हिरव्या चौकड्यांचा होता, मधून पिवळी बारीक रेघ. हे कापड मी अंधारात हात लावून ओळखलं असतं. बारा महिने माझ्या शेडमध्ये हेच असायचं. न बोलता निघून गेलेला माझा व्यापारी इथं येऊन बसला होता.

मनीषानं माझ्याकडे पाहिलं. मी तिच्याकडे पाहिलं. ती “जेवायला चला” म्हणाली आणि मी गेले. जेवणात येसर आमटी होती, धपाटे होते, ताजं कवडीचं दही होतं. दाजी आग्रह करत होते. मला प्रत्येक घासाला हिरव्या चौकड्या दिसत होत्या.

त्या संध्याकाळी मी जे केलं ते त्या चौकड्यांमुळे केलं. शेडमध्ये कौशल्या नावाची एक बाई होती. पस्तिशीची, उंच, सगळ्या मशीनांवर बसू शकणारी. कुठं धागा तुटला की बायका मनीषाच्या आधी तिला हाक मारायच्या. तिनं लग्नापासून ऊस तोडला होता. मुलं शाळेत टिकावीत म्हणून आता तिनं जाणं बंद केलं होतं, नवरा गावातच एका दुकानात लागला होता. ती हौदावर हातपाय धूत होती, तिथं मी तिला गाठलं.

“सोलापूरला येतेस? सगळ्या शेडवर तुला नेमते. राहायला खोली. मुलांना शहरातली शाळा.”

तिनं तोंड पुसलं. “शेडवर नेमता म्हंजे?”

“सगळ्यांवर देखरेख. तू म्हणशील तसं.”

तिनं पायांवर आणखी एक तांब्या ओतला. मग म्हणाली, “सांगते, मॅडम.”

मनीषा तिला आक्का. मी मॅडम. बाकीचं सगळं सोसलं असतं, पण हे फार लागलं.

उमापूर

दुसऱ्या दिवशी दाजींनी मला उमापूरला नेलं. गेवराई तालुक्यातलं मोठं गाव. तिथले एक पुढारी बापूसाहेब दाजींच्या ओळखीचे. त्यांनी फोनवर सांगितलं होतं, “बाया पाहिजेत ना? या तुमी. पाहिजे तेवढ्या देतो.”

माजलगावच्या धरणाचं पाणी रस्त्यावरून दिसलं. लांबवर, निळं, मधे एखादा बाभळीचा शेंडा. दोन्हीकडे कापूस फुटला होता आणि बायका ओळीनं वेचत होत्या. पोटाला बांधलेल्या ओट्यात दोन्ही हातांनी कापूस टाकणं चाललं होतं, आणि एक हात दुसऱ्याची वाट बघत नव्हता. दाजी पिकाबद्दल बोलत होते. मी हात बघत होते.

उमापूरला मंडप होता. मला वाटलं कुणाचं लग्न आहे. तो माझ्यासाठी होता. शाल, नारळ, फेटा, आणि समोर सतरंजीवर बायकाच बायका. एवढ्या की मागच्या उन्हात उभ्या होत्या. माझं मन एकदम भरून आलं. मनीषाचा गोठा तो केवढा, आणि इथं अख्खं गाव लोटलंय. बापूसाहेबांनी अर्धा तास भाषण केलं. त्यात त्यांच्या वडिलांनी गावासाठी काय काय केलं ते आलं. मग म्हणाले, “आता सोलापूरच्या ताईसाहेब चार शब्द बोलतील.”

मी बोलले. काम काय, कसं, कुठं. बोलून झाल्यावर पुढच्या रांगेतली एक म्हातारी उठली.

“मशीन कदी मिळनार?”

“कुठलं मशीन?”

“सरकारी. फुकट मिळनार हाय म्हनले न्हवं?”

मी बापूसाहेबांकडे पाहिलं. ते फेट्याचा शेमला नीट करत होते. मी सांगितलं, मशीन वाटायला नाही आले, कामाला बोलवायला आलेय, सोलापूरला. कळायला जरा वेळ लागला. मग मागची रांग उठली, त्यामागून मधली. कुणी रागावलं नाही. पदर सावरून बायका आपापल्या कामाला निघून गेल्या.

थोड्या राहिल्या. त्यात एक धनगराची बाई होती, मेंढरं मंडपाबाहेर बसवून आलेली. तिनं विचारलं, “रोज घरी येता येईल का?”

“नाही, लांब आहे. तिथंच राहायचं.”

“मग मेंढरं कोन राखंल? तुमी?”

राहिलेल्या सगळ्या हसल्या. मीही हसले, दुसरं काय करणार. ती मात्र थट्टा करत नव्हती. तिनं माझ्या शेडची चौकशी केली, जेवणाची केली, बायका कशा आहेत विचारलं, आणि शेवटी पुन्हा तिथंच आली. “घरी येता आलं असतं तर बघितलं असतं.”

मंडपातून निघताना बापूसाहेबांनी माझ्यासोबत फोटो काढला. परत येताना दाजी म्हणाले, “निवडणूक हाय वहिनी पुढं. मला वाटलंच होतं.” मग आधी का नाही सांगितलं, असं मी विचारलं नाही. गेवराईला गाडीचं चाक बसलं आणि ते बदलेपर्यंत मी रस्त्याच्या कडेला दगडावर, मांडीवर नारळ घेऊन बसले. समोरून पुन्हा ऊसतोडीच्या ट्रॉल्या गेल्या. एका लहान मुलीनं मला हात केला. मी केला नाही. तेवढी माया माझ्यात त्या वेळी नव्हती.

पुन्हा दिंद्रुड

सकाळी मनीषा चुलीपुढे भाकऱ्या थापत होती. मी पाटावर बसले. तिनं भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, “वहिनी, तुम्ही मला भेटायला आलात का माझी बाई न्यायला?”

दारात कौशल्या उभी होती. तिनंच सांगितलं असणार. ती पुढे आली. “मॅडम, मला लपवता येईना. मी गेले तर माझ्या जोडीदारणीचं काय? तिचं निम्मं काम माझ्या जिवावर हाय, माझं तिच्या. आमी दोघींनी इचार केला, मग आक्काला सांगितलं.”

मी खाली मान घालायला हवी होती. मी वर केली. “आणि तू?” मी मनीषाला म्हटलं. “माझं गिऱ्हाईक न्यायला कुठं आली होतीस?”

मनीषानं तवा उतरवला. “मी न्हाई आले. तो आला. तुमच्याकडं माल वेळेत होईना म्हणून आला. मी आधी त्याला न्हाई म्हटलं. दादाला फोन केला, दादा, वहिनीचं काम हाय, घेऊ का. दादा म्हणाला, घे, नाहीतर दुसरा कुणी घेईल. वहिनीला मी सांगतो.” ती थांबली. “सांगितलं न्हाई का दादानं?”

नव्हतं सांगितलं. यांनी मला सरळ इथं पाठवून दिलं होतं. जाऊन बघ म्हणाले होते. मी काय बघावं असं त्यांना वाटत होतं ते मला त्या चुलीपुढे कळलं.

डोळ्यांत पाणी आलं. धुरानं आलं असं म्हणता आलं असतं, पण मनीषा मला लहानपणापासून ओळखत होती, म्हणजे तिच्या लहानपणापासून. तिनं दुसरी भाकरी थापायला घेतली. “मला काय कमी हेवा वाटतोय का तुमचा?” ती म्हणाली. “सोलापूरचा माल म्हटलं की मुंबईचा व्यापारी डोळे मिटून घेतो. माझा माल तीनदा उलटून बघतात. अन् ह्या चौकड्यांच्या कॉलरी परत यायला लागल्यात. तुमच्यासारखी कॉलर न्हाई जमत आमच्यात कुणाला.”

हे ऐकून मला काय वाटलं ते सांगते. मत्सराच्या पोटात गार पाणी गेलं. मी परवाच पाहिलं होतं, कॉलर बोथट होती. मी सांगू शकत होते, आणि गप्प बसून होते.

माझी गाडी दुपारची होती. मी उठले, शेडमध्ये गेले आणि कौशल्याच्या मशीनवर बसले. कॉलर उलटण्याआधी कापड किती कातरायचं, टोकाला एक आडवा टाका कुठं मारायचा, उलटताना कात्रीचं टोक न लावता धाग्यानं कसं ओढायचं, ते करून दाखवलं. रागानं बसले होते, पण दोन-चार कॉलरींनंतर राग कुठं गेला कळलं नाही. बायकांनी मशीनं थांबवली आणि भोवती जमल्या. सकाळपाळीच्या घरी जायच्या थांबल्या, दुपारपाळीच्या येऊन उभ्या राहिल्या. कुणी हसलं, कुणी चुकलं, मी हातावर चापट मारली, तिनं परत केलं.

कौशल्या कॉलर उजेडात धरून म्हणाली, “आक्कापेक्षा मॅडमचा हात बरा हाय.”

“बरा न्हाई, लई बरा हाय,” दुसरी म्हणाली.

मनीषा दारात उभी होती. तिनं ते ऐकलं. तिचा चेहरा जरा उतरला, मी पाहिला, आणि मला झालेला आनंद मी लपवला नाही.

फाट्यावर निरोप घेताना ती म्हणाली, “वहिनी, उन्हाळ्यात या महिनाभर. शिकवायला.” मी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. गाडी सुटल्यावर खिडकीतून पाहिलं तर ती कौशल्याच्या खांद्यावर हात ठेवून घराकडे वळली होती. तो हात मला वडवणी येईपर्यंत दिसत राहिला.

सोलापूर

हे स्टँडवर आले होते. “मिळाली का माणसं?” त्यांनी विचारलं.

“मिळाली. पण मनीषाची आहेत.”

त्यांनी पिशवी घेतली आणि पुढे काही विचारलं नाही. व्यापाऱ्याचं मीही काढलं नाही. ते काढलं दोन दिवसांनी, आणि मग पुष्कळ काढलं. पण ते या प्रवासात येत नाही.

सकाळी शेड उघडली. माझ्याकडे लक्ष्मीबाई म्हणून एक जुनी बाई आहे. घरी तेलुगू बोलते, माझ्याशी मराठी. तिला आणि बाकीच्यांना मी काय पाहिलं ते सांगितलं. ट्रॉल्या, उमापूरचा मंडप, दिंद्रुडचा गोठा. मंडपाला सगळ्या पोट धरून हसल्या. मग मी जोडीचं सांगितलं. सकाळी एक, दुपारी एक, आपसात ठरवायचं.

लक्ष्मीबाईचं हसणं थांबलं. “तिकडं अर्धा दिवस चालतंय?”

“चालतंय.”

“पोराला शाळेतून आणायला जाऊन परत आलं तर?”

“तेही.”

ती बराच वेळ काज करत राहिली. चष्मा नाकावर, सुई डोळ्यांजवळ. मग म्हणाली, “लई नशीब आहे त्या बायकांचं. माझी सून घरात बसून आहे, बाई. हात चांगला आहे तिचा. सकाळी आठ ते रात्री आठ तुम्ही मागता, तिचं बाळ लहान आहे, कशी येणार? तिच्या भावजयीचं पण तसंच आहे. आम्हाला कधी कोणी असं विचारलं नाही.”

माझ्या शेडपासून लक्ष्मीबाईचं घर दोन गल्ल्या सोडून आहे. मी धाराशिव ओलांडून, घाट उतरून, फेटा बांधून घेऊन आले होते.

“उद्या दोघींना घेऊन ये,” मी म्हटलं.

दोघी आल्या. सून दुपारपर्यंत बसली, भावजय त्यानंतर. उठता उठता सून तिला तेलुगूत काहीतरी म्हणाली आणि दोघी खूप हसल्या. मला एक शब्द कळला नाही. मला त्या हसण्याचाही हेवा वाटला, ते वेगळं. पण मशीन चालू राहिलं. पुढच्या आठवड्यात त्यांच्या गल्लीतल्या आणखी आल्या. कोणी कोणाशी जोडी करायची यावरून एक भांडण झालं आणि मी त्यात पडले नाही. हे मात्र अवघड गेलं.

पंधरवड्यानं मनीषाचा फोन आला. कॉलरी आता परत येत नाहीत, म्हणाली. त्या हिरव्या चौकड्या तिच्याकडेच राहणार हे त्यात आलंच. मी ऐकून घेतलं. मग तिनं विचारलं, “वहिनी, तुमच्याकडं बायका मिळाल्या का हो?”

“मिळाल्या की.”

“कुठल्या? आमच्या इकडच्याच ना?” तिच्या आवाजात धाकधूक होती. कौशल्याचं अजून तिच्या मनातून गेलं नव्हतं.

“नाही गं,” मी म्हटलं. “माझ्याच.”